अपग्रेड झालं, सीटचे पैसे मात्र गेले ते गेलेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विमानात सीट निवडायचे वेगळे पैसे लागतात याबद्दल आता कुरकुर करण्यात अर्थ नाही, ते आपण सगळ्यांनी मुकाट गिळलंय. पण त्याच्या पुढची एक पायरी आहे जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. आधी सीटचे पैसे भरले, मग पॉइंट वापरून वरच्या क्लासचं अपग्रेड मागितलं, ते मिळालं, म्हणजेच आधीची सीट कंपनीने आपल्याकडून काढून घेतली, तर त्या सीटचे भरलेले पैसे परत मिळायला हवेत की नकोत? मला विचाराल तर यात विचारण्यासारखंच काही नाही, मिळायलाच हवेत. पण आमचा अनुभव असा की कंपनी सरळ नाही म्हणते, आणि नाही म्हणताना जे कारण देते ते ऐकून हसावं का रडावं कळत नाही.

आमची केस थोडक्यात सांगतो. लेक न्यू जर्सीला असते. मिसेसच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत त्यामुळे पाय लांब करायला जागा आणि सारखं उठायला आयल सीट, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेची, हे तिला लागतंच, हौस म्हणून नाही. तिकिटं इकॉनॉमीची काढली, त्यावर एक्स्ट्रा लेगरूमच्या दोन सीटा घेतल्या, एक आयल आणि तिच्या शेजारची मधली, आणि एवढ्या सीटांचेच दोघांचे मिळून अठरा हजारांच्या वर गेले, तिकिटाचे वेगळे. कार्डावर बरेच वर्षांचे पॉइंट साठले होते, जावई म्हणाला बाबा ते एअरलाइनच्या माइल्समध्ये टाका आणि लांबच्या सेक्टरला अपग्रेडची रिक्वेस्ट टाका, आईला आडवं तरी होता येईल. टाकली. तर वेटलिस्ट.

आता इथे खरी गोम आहे. पॉइंटांवरचं अपग्रेड बहुतेक वेळा लगेच कन्फर्म होत नाही. कंपनी आधी बघते की बिझनेसच्या सीटा रोख पैसे देणाऱ्यांना विकल्या जातायत का, राहिल्या तर मग पॉइंटवाल्यांना, आणि ते कधी कळणार तर कधी आठवडाभर आधी, कधी दोन दिवस आधी, कधी थेट गेटवर. तोपर्यंत प्रवाशाने काय करायचं? इकॉनॉमीची सीट न घेता बसलो आणि अपग्रेड नाही झालं तर शेवटी उरलेल्या मधल्या सीटा पदरात पडणार, तीही एक पुढे आणि एक मागे, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला घेऊन ही रिस्क कोण घेईल. म्हणजे सीटचे पैसे भरायला लावणारी वेटलिस्ट कंपनीचीच, ती कधी हलवायची ते कंपनीच्याच हातात, आणि हलली की भरलेले पैसे बुडाले असं सांगणारीही कंपनीच. बरं वेटलिस्टवर नाव टाकताना सगळे पॉइंट आधीच कापून घेतात, आणि कार्डाचे पॉइंट एकदा माइल्समध्ये गेले की बँकेकडे परत फिरत नाहीत.

आमचं अपग्रेड निघायच्या बऱ्याच आधी झालं, नशीबच म्हणायचं. मेल आला, मिसेस खूश, लेकीला फोन झाला. त्याच रात्री सहज म्हणून मी ॲप उघडलं आणि इकॉनॉमीचा सीट मॅप बघितला. आमच्या त्याच दोन सीटा परत निळ्या झालेल्या, म्हणजे विकायला मोकळ्या, आणि आयलचा भाव आम्ही भरला होता त्याच्यापेक्षा जास्त दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना परत बघितलं तर आयलवाली करडी, गेली कुणाला तरी. मधली मात्र शेवटपर्यंत निळीच होती. मी स्क्रीनशॉट काढून ठेवले, बँकेत नोकरी केलेल्या माणसाची सवय, कागद हातात हवा. तर हे बघा, एकच आयल सीट, एकाच विमानातली, एकाच तारखेची, तिचे एकदा आमच्याकडून घेतले आणि एकदा त्या दुसऱ्या माणसाकडून. आमच्या वाण्याने एकच नारळ दोन गिऱ्हाइकांना विकला तर गल्लीत तमाशा होईल.

आणि एक गंमत. अपग्रेड कन्फर्म होताना वरच्या क्लासचा टॅक्स आणि काही चार्जेस म्हणून फरकाची रक्कम कार्डावरून लगेच कापली गेली, ओटीपी आला, झालं. (इकडे आपल्याकडे तर इकॉनॉमीला ५ टक्के जीएसटी आणि वरच्या क्लासला २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ झालाय, म्हणजे क्लास बदलला की फरक मोजणं सिस्टमला चांगलं जमतं.) घ्यायचा फरक सेकंदात निघतो आणि द्यायचा फरक कुणाला सापडत नाही, हे कसं काय बुवा.

कॉल सेंटरला फोन केला. मुलगा अगदी नम्र होता, त्याचा काही दोष नाही, त्याच्यासमोर जे लिहिलंय तेच तो वाचणार. म्हणाला, सर सीट सिलेक्शन नॉन-रिफंडेबल आहे, एअरलाइनने सीट बदलली असती तर रिफंड मिळाला असता, पण तुम्ही स्वतःहून अपग्रेड घेतलंत म्हणजे हा व्हॉलंटरी चेंज धरला जातो. मी म्हटलं अहो, मी फक्त विनंती केली, मंजूर तुम्ही केलीत, सीट तुम्ही काढलीत आणि परत विकायलाही तुम्हीच लावलीत. तो म्हणाला सर मी तुमचा फीडबॅक नोट करतो. नंतर मेलामेली झाली, त्यात एकदा गुडविल म्हणून व्हाउचर देतो म्हणाले, सीटच्या रकमेच्या निम्म्याचं, एक वर्षात वापरायचं, दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते ऐकलं होतं, इथे कोहळा आधीच काढलेला आणि आवळासुद्धा अर्धाच. मी व्हाउचर घेतलं नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की मग तीच एक वाईट आणि बाकीच्या धुतल्या तांदळासारख्या असं होतं, आणि माझा मुद्दा तो नाही.

माझा पुतण्या ट्रॅव्हल एजन्सीत आहे, त्याने आतली भानगड समजावून सांगितली आणि मला वाटतं ती प्रत्येक प्रवाशाला माहीत पाहिजे. सीटचे पैसे तुमच्या तिकिटात नसतातच. त्याची वेगळी पावती निघते, तिला ईएमडी म्हणतात, इलेक्ट्रॉनिक मिसलेनियस डॉक्युमेंट, आणि तिला तिकिटासारखाच १३ आकडी नंबर असतो. ही पावती तिकिटाच्या त्या त्या सेक्टरला जोडलेली असते. अपग्रेड झालं की तिकीट नव्याने इश्यू होतं किंवा त्याच्यात बदल होतो, आणि जुन्या तिकिटाला चिकटलेली ईएमडी तशीच लोंबकळत राहते, ती कुणीतरी सोडवून रिफंडला टाकावी लागते. कुणी टाकली नाही आणि विमान उडालं की तिचा स्टेटस वापरली गेली असा होऊ शकतो, आणि एकदा तसं झालं की कंपनीच्या हिशेबाने तुम्ही त्या सीटवर बसून गेलात! बिझनेसमध्ये झोपलेला माणूस त्याच वेळी इकॉनॉमीतही बसलेला. म्हणून पुतण्या म्हणतो काका रिफंड मागायचा तर उडायच्या आधी मागायचा आणि लेखी मागायचा, ईएमडीचा नंबर टाकून. आम्ही तसंच केलं होतं, त्यामुळे निदान ती वापरली असं तरी कुणी म्हणू शकत नाही.

कंपनीचं दुसरं म्हणणं असं असतं की अपग्रेड तर तुम्हाला पॉइंटांवर मिळालं, म्हणजे जवळजवळ फुकटच, मग सीटच्या पैशांसाठी कशाला भांडताय. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पॉइंट फुकट असते तर बँका एअरलाइन्सकडून ते पैसे मोजून विकत घेत बसल्या नसत्या. २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर होती तेव्हा अमेरिकेतल्या डेल्टाने आपला पॉइंटांचा प्रोग्रॅम तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले, युनायटेडने तसेच ६.८ अब्ज, आणि पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने १० अब्ज. तारण ठेवताना कोट्यवधींची मालमत्ता आणि प्रवाशाने वापरले की फुकट, असं दोन्हीकडून कसं चालेल. आम्ही ते पॉइंट किराणा, लाइट बिल, औषधं असल्या खर्चातून वर्षानुवर्षं जमवलेत.

नियम काय म्हणतात तेही बघितलं, वेळ भरपूर आहे रिटायर माणसाकडे. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचा नियम डाउनग्रेडबद्दल अगदी स्पष्ट आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून, तुमच्या मनाविरुद्ध खालच्या क्लासमध्ये बसवलं तर देशातल्या प्रवासाला टॅक्ससकट तिकिटाच्या ७५ टक्के परत, परदेशी प्रवासाला १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० ला ५०, त्याच्या वर ७५. छान आहे, टक्केच लिहून दिलेत त्यामुळे कुणाला घोळ घालता येत नाही. पण तो नियम तिकिटाच्या किमतीचे टक्के बोलतो आणि मनाविरुद्ध खाली आणल्याचं बोलतो. वर गेल्यावर खालची सीट सुटली, तिच्या वेगळ्या पावतीचं काय, हा प्रश्न मधल्या फटीत पडतो, आणि कंपनीला हवा तसा अर्थ लावायला मोकळीक मिळते.

सीटचे वेगळे पैसे घ्यायची परवानगीही डीजीसीएनेच दिलेली आहे, सेवा सुट्या करून विकायच्या, मात्र त्या ऑप्ट-इन हव्यात, म्हणजे प्रवाशाने मागितल्या तरच. कागदावर ठीक. प्रत्यक्षात वेब चेक-इनला बसलं की रंगीबेरंगी नकाशा, प्रत्येक सीटवर भाव, आणि सीट न निवडता पुढे जा हे बटण कोपऱ्यात फिकट अक्षरात, आमच्या वयाच्या माणसाला चष्मा लावूनही सापडत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून हवं ते बटण दाबायला लावणाऱ्या स्क्रीनच्या विरोधात गाइडलाइन्स काढल्या, १३ प्रकार दिलेत त्यात, अशा स्क्रीनचं वर्णन त्यात कुठेतरी बसेल असं मला वाटतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र एक चांगलं केलं, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-बाबांपैकी किंवा पालकापैकी एकाजवळ बसवलंच पाहिजे असं कंपन्यांना सांगितलं. त्याआधी लेकराशेजारी बसायलाही पैसे मोजावे लागायचे म्हणजे बघा.

आणि व्हाउचरबद्दल. रिफंडच्या नियमात हे आधीपासूनच आहे की रिफंडची रक्कम क्रेडिट म्हणून कंपनीकडे ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने आपण होऊन तसं करायचं नाही. म्हणजे देय रक्कम असेल तर ती जिथून आली तिथेच गेली पाहिजे. पण आधी देय आहे हे कबूल तर करायला हवं ना, तिथेच तर ताकास तूर लागू देत नाहीत.

अमेरिकेत २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या परिवहन खात्याने नियम काढला की पैसे भरलेली जादा सेवा मिळाली नाही तर ते पैसे मागायला न लावता परत करायचे, क्रेडिट कार्डाने भरले असतील तर कामाच्या ७ दिवसांत, दुसऱ्या मार्गाने भरले असतील तर २० दिवसांत. आमच्यासारख्या अपग्रेडला तो जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणत नाही, पण मूळ विचार बघा, सेवा दिली नाही तर पैसे ठेवायचे नाहीत. तिथल्या सिनेटच्या एका समितीने त्याच वर्षी हिशेब मांडला होता, पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ मध्ये नुसत्या सीटांच्या फीमधून १२.४ अब्ज डॉलर कमावले. एवढा पैसा ज्या खिडकीतून येतो ती खिडकी कोण आपणहून बंद करेल.

आपल्या रेल्वेला आपण रोज शिव्या घालतो, मी मुलुंडहून इतकी वर्षं लोकल केली, मलाही तो अधिकार आहे. पण लांबच्या गाडीत लोअर बर्थ मागायला वेगळे पैसे लागत नाहीत. आणि २००६ पासून ऑटो अपग्रेडची स्कीम आहे, बुकिंग करताना खूण केली आणि चार्ट बनताना वरच्या क्लासला जागा उरली तर स्लीपरवाल्याला थ्री एसी मिळून जातो, एक रुपया जास्त न घेता. आणि तिकीट रद्द केलं तर चार्ज मूळ क्लासचाच लागतो. सरकारी खात्याला हे जमतं.

आता कंपनीची बाजू अगदीच नाही असंही नाही. समजा अपग्रेड गेटवर झालं, बोर्डिंग सुरू, तर सोडलेली सीट विकायला कंपनीकडे वेळ नाही, तिचं खरंच नुकसान आहे. तिथे अर्धे द्या, मी भांडणार नाही. पण जिथे काही दिवस हातात आहेत, सीट परत नकाशावर टाकली आहे, तिथे हे कारण चालत नाही. आणि कुणी म्हणेल एवढ्या किरकोळ रकमेसाठी काय, तर आमची रक्कम किरकोळ नव्हती आणि देशातल्या फ्लाइटला काही शे रुपये असले तरी एका विमानात किती सीटा असतात ते मोजा.

याच्या उलटं होतं ते तर अजून वाईट. शेजारच्या सोसायटीतल्या एका बाईंचं अपग्रेड झालं, मग ऐनवेळी विमानच बदललं, बिझनेसच्या सीटा कमी झाल्या आणि त्यांना परत इकॉनॉमीत आणलं. पॉइंट परत मिळाले, पण पैसे भरून घेतलेली त्यांची मूळची खिडकी तोपर्यंत दुसऱ्याची झालेली. शौचालयाच्या शेजारी बसून गेल्या. तेल गेलं तूप गेलं म्हणतात ते हेच.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये डीजीसीएने रिफंडच्या नियमांचा नवा मसुदा काढला होता, बुकिंगनंतर ४८ तासांत फुकट बदल किंवा कॅन्सल, एजंटकडून काढलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारीही एअरलाइनचीच, अशा चांगल्या गोष्टी त्यात होत्या. माझं म्हणणं इतकंच की रिफंडच्या नियमात एक ओळ घाला. प्रवाशाचा क्लास कुठल्याही कारणाने बदलला आणि पैसे भरून घेतलेली सीट कंपनीने परत घेतली, तर त्या सीटची पूर्ण रक्कम, टॅक्ससकट, जिथून आली त्याच खात्यात, तिकिटाच्या रिफंडला जी मुदत असेल त्याच मुदतीत, अर्ज न मागता. आणि अपग्रेड परत काढून घेतलं तर मूळची सीटही परत, ती नसेल तर तशीच दुसरी. वेटलिस्टवर ठेवताना हे स्क्रीनवर मराठी-हिंदी-इंग्रजीत लिहिलेलं दिसलं पाहिजे, चाळीस पानी अटींच्या पोटात नको.

तोपर्यंत ज्यांना असं काही झालंय त्यांच्यासाठी, पुतण्याने आणि ग्राहक चळवळीतल्या एका ओळखीच्यांनी सांगितलेलं लिहितो. सीटची पावती तिकिटापेक्षा वेगळी जपून ठेवा. अपग्रेडचा मेल आला की त्याच दिवशी सीटच्या रिफंडची मागणी मेलवर करा, फोनवर नको, फोनचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही. सीट परत विकायला दिसली तर स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा. व्हाउचर नको असेल तर नको असं लेखी कळवा, गप्प बसलात तर मान्य केलं असं धरतील. उत्तर नाही आलं तर सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, २०१६ पासून चालू आहे, तिथे तक्रार टाकली की नंबर मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे डिस्प्यूट टाकता येतो, सेवा मिळाली नाही हे कारण देऊन, पण त्याची मुदत असते, उशीर करू नका. आणि शेवटी ग्राहक आयोग, आपल्या उपनगरवाल्यांचा वांद्र्याला आहे, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करायची, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही करता येते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करतेय, विलेपार्ल्याला ऑफिस आहे, मार्गदर्शन मिळतं.

आमची तक्रार एअरसेवावर टाकली आहे. कंपनीचं एक उत्तर आलं, त्यात परत तेच व्हॉलंटरी चेंज. मी स्क्रीनशॉट जोडून विचारलंय की ती आयल सीट दुसऱ्यांदा किती रुपयांना विकली तेवढं फक्त कळवा. त्यावर अजून काही आलेलं नाही. नाही आलं तर वांद्र्याचा अर्ज लिहून तयार आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाला असाच अनुभव आला असेल आणि त्यांनी पावत्या ठेवल्या असतील तर त्यांनीही वृत्तपत्राकडे जरूर लिहावं, चार केसेस एकत्र दिसल्या तर डीजीसीएला ती एक ओळ घालायला कारण मिळेल.

कळावे,
एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व)